उतचं वळण

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट आहे. व्हिएतनामच्या दक्षिणेला मेकाँग नदी समुद्राला भेटायच्या आधी नऊ मुखांनी फुटते. तिथे तेव्हा शहर नव्हतं. चिखल होता, पाण्यात वाढणाऱ्या ताडांची बनं होती, मगरी होत्या. उत्तरेकडच्या दुष्काळातून निघालेली काही कुटुंबं होड्यांतून तिथे उतरली आणि त्यांनी बांबूच्या झोपड्या घातल्या.

त्यांच्यात एक तरुण विधवा होती. सगळे तिला उत म्हणत. तिकडच्या बोलीत उत म्हणजे शेंडेफळ. येताना वाटेतच तिचा नवरा तापाने गेला, आणि मागे उरली ती त्याची म्हातारी आई, लाय. उत होडी वल्हवून लोकांना पैलतीरी सोडायची, मूठभर तांदूळ मिळायचे, त्यात दोघींचं भागायचं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग एका वर्षी पाऊस लवकर सरला, नदी रोडावली, आणि समुद्र नदीतून उलटा वर चढू लागला. पाणी खारट झालं. भात करपला, पोरांचे ओठ फुटले. वस्तीतले थोरले थुआन यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की ही भूमी काही आपल्याला ठेवून घेत नाही, होड्या भरा.

लाय अंथरुणाला खिळली होती. तिला हलवलं तर ती वाटेतच जाईल, हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी तीच म्हणाली, "पोरी, तू जा यांच्याबरोबर. माझं काय, आज ना उद्या."

उत तिचे पाय चेपत होती. ती म्हणाली, "आई, तुमच्या लेकाला वाटेत ठेवून आले. तुम्हाला नाही ठेवणार."

तिने थुआनना एवढंच विनवलं, की मी येईपर्यंत थांबा. दलदलीपलीकडे नदीचा दुसरा, मोठा फाटा आहे आणि त्याचं पाणी कायम गोड असतं, असं तिने तिथल्या मूळच्या ख्मेर लोकांतल्या कोळ्यांकडून ऐकलं होतं. होडीत मातीचे रांजण ठेवून ती निघाली. पाणी असेल तिथे वल्हवत, नुसता चिखल असेल तिथे दोराने होडी ओढत. हातांची सालं निघाली, पण ती पोचली. रांजण भरले. स्वतः मात्र प्यायली नाही. आईंच्या आधी तिच्या घशाखाली पाणी उतरेना.

परतताना होडी जड झाली होती. असं म्हणतात, की तिची ती ओढाताण पाहून नदीलाच माया आली. गाईमागे वासरू यावं तसं गोड पाणी होडीमागे निघालं, आणि होडी जाईल तिथे चिखल दुभंगत गेला. उतला याचा पत्ता नव्हता. मान खाली घालून ती पुढे जात होती. असं म्हणतात, की एका जागी वल्हं धरून उभ्याउभ्याच तिचा डोळा लागला. होडी आपली आपण वळत राहिली, आणि मागचं पाणीही तसंच वळलं, जरासुद्धा आवाज न करता.

झोपडीत येऊन तिने करवंटी लायच्या ओठांना लावली. लायने दोन घोट घेतले आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवला. बोटांना कोरडे ओठ लागले.

"तू प्यायली नाहीस," ती म्हणाली. मग तिने करवंटी उचलून उतला पाणी पाजलं.

बाहेर गलका झाला. नदी गोड झाली होती. थुआन ओंजळभर पाणी प्यायले आणि आपल्या होडीतलं सामान उतरवू लागले.

लायने त्यानंतरही कितीतरी वेळा नव्या तांदळाचा भात खाल्ला. उतही पुढे म्हातारी होऊन गेली. त्या पाण्याकाठी ख्मेर शेतकरी आले, चिनी व्यापारी आले, होड्यांवर बाजार भरू लागला आणि वस्तीचं शहर झालं. त्याला राच-उत म्हणतात, म्हणजे उतचा ओढा. मधल्या काळात परक्या राज्यकर्त्यांनी ओढ्याचं ते वळण कापून तो सरळ करायचा घाट घातला होता, पण दर पावसाळ्यानंतर कापलेली जागा गाळाने भरलेली असायची. शेवटी त्यांनी नाद सोडला.

आजही त्या वळणाशी आलं की नावाडी इंजिन बंद करतात. अननसांनी भरलेली मोठी होडी असो नाहीतर शाळेत निघालेल्या मुलांची, ती प्रवाहावर सोडून देतात. होडीतले लोकही बोलायचे थांबतात. एखादा नवखा विचारतोच, की का थांबलो. नावाडी हलक्या आवाजात सांगतो, "थांबलो नाही. उतचा डोळा लागलाय. जरा झोपू दे."