दक्षिणेत मागितलेला शब्द

एकदा एक वयोवृद्ध दिग्दर्शक होते. आधी चित्रपट, मग दूरदर्शनच्या मालिका, पुढे स्वतःची निर्मितीसंस्था, असा त्यांचा प्रवास. सारे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या शिष्याने पहिला चित्रपट करायचे ठरवले, तेव्हा निर्माते म्हणून नानाच त्याच्या पाठीशी उभे राहिले. शिष्य बुद्धिमान, पण भारी उतावळा. नटाचे शेवटचे वाक्य संपते न संपते, तोच याचे ‘कट!’ आलेच. त्याच्या पाठीमागे सगळे त्याला ‘कात्री’ म्हणत, आणि त्यात अन्याय काहीच नव्हता.

चित्रपटाचा शेवट खाडीकाठी व्हायचा होता. म्हातारा नावाडी लेकीला काठावर उतरवतो, ‘जा, मागं वळून बघू नकोस’ म्हणतो, ती पाठ फिरवून चालू लागते, संपले. पण मावळतीचा तो प्रकाश क्षणभराचा आणि नटीला उद्या दुसरीकडे जायचे. हा शेवट साधला तर चित्रपट तरला, नाहीतर बुडाला. शिष्य कॅमेऱ्यामागे नुसत्या येरझाऱ्या घालत होता.

तेवढ्यात नाना म्हणाले, “मला गुरुदक्षिणा हवी.”

“आत्ता, नाना?”

“आत्ताच. ‘कट’ हा शब्द मला देऊन टाक. आज तो मी म्हणेन.”

शिष्य चक्रावला. पण गुरूला नाही कसे म्हणणार? “दिला,” तो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाला. नावाड्याने वाक्य म्हटले. अप्रतिम! मुलगी चालू लागली. शिष्याची जीभ वळवळली. नाना मात्र गप्प. शिष्याने त्यांची बाही ओढली, “म्हणा ना, नाना!” नानांनी ओठांवर बोट ठेवले.

‘कट’ ऐकू येईना, म्हणून नटांना थांबताही येईना. नावाड्याने वल्हे उचलले, पुन्हा खाली ठेवले. लेक बसली होती त्या फळीवरून त्याने हात फिरवला. आणि काठावर ती मुलगी थबकली. बघू नकोस म्हटलेले असताना तिने वळून बघितले! शिष्याने नानांची बाही सोडून दिली.

“घे,” नाना कुजबुजले, “तुझा शब्द तुला परत.”

पण आता शिष्यालाच तो म्हणवेना. तो बघत राहिला. मुलगी झाडीआड दिसेनाशी झाली, होडीवरचा उजेड विझला, तेव्हा कुठे तो म्हणाला, “कट.” इतक्या हळू, की कॅमेरामनने पुन्हा विचारले. मग काय जल्लोष उसळला म्हणता! नावाडी झालेला नट होडीतच नाचू लागला.

गलका ओसरल्यावर नाना म्हणाले, “अरे, तू लिहिलेलं संपलं की तू कट म्हणतोस. पण वाक्य संपलं म्हणून माणूस संपत नाही. बोलून झाल्यावर तो जे करतो, ते त्याचं खरं असतं. ते बघायला दिग्दर्शकाने तिथं उभं राहायचं.”

शिष्याचे डोळे भरून आले. तरी तो म्हणाला, “पण नाना, शब्द तर तुम्ही परत दिलात. मग दक्षिणा काय राहिली?”

“शब्द परत मिळाल्यावरही तू थांबलास ना,” नाना हसले, “ती पोचली मला.”

शिष्याने वाकून त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि उठायची मुळीच घाई केली नाही.