ठकूने मागितलेलं झुडूप

खांबमाळावर गवत कमी आणि दगडच फार. त्या दगडांतून उंच उंच निवडुंग उभे होते, हिरवेगार आणि देवळाच्या खांबांसारखे सरळसोट. उन्हाळ्यात त्यांच्या शेंड्यांवर लालचुटुक फळं यायची. माणसं ती लांब आकडीने पाडायची आणि वाळवून वर्षभर पुरवून पुरवून खायची.

त्या माळावर ठकू नावाची एक गोड मुलगी आईबरोबर राहायची. पायात चपला नाहीत, झग्याला तीन ठिगळं. आई झुडपं तोडून मोळी विकायची, तेव्हा कुठे घरात भाकरी व्हायची. ठकूला त्याचं काही वाटत नसे. तिची काळजी निराळीच होती. म्हातारे निवडुंग एकेक करून कोसळत होते आणि नवा एकही उगवत नव्हता. आता सातच उरले होते. यंदाची फळं संपली की माळ सोडून जायचं, असं मोठ्या माणसांनी ठरवून टाकलं होतं. ठकूला मुळीच जायचं नव्हतं.

एका सकाळी ती सगळ्यात म्हाताऱ्या निवडुंगापाशी गेली. त्याच्या खाली झुकलेल्या फांदीवर वाटीएवढं पांढरंशुभ्र फूल उमललं होतं. आणि फुलाशेजारी, काट्यात पंख अडकलेली, बोटभर उंचीची परी. पंख निळसर, झगा चंदेरी, नाकावर पिवळे पिवळे परागकण.

"हलू नकोस गं, फाटेल," ठकू म्हणाली. तिने केसांतली लाकडी फणी काढली, काट्याखाली सरकवली आणि पंख अलगद सोडवला.

"किती हलका हात तुझा," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण अट आहे हं. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं."

"या निवडुंग आजोबांना हंडाभर पाणी दे. तहानेने चाललेत बिचारे."

"विचारलंस त्यांना?"

ठकू ओशाळली. दोन काट्यांच्या मधे तिने हळूच बोट टेकवलं. "आजोबा, पाणी हवंय ना तुम्हाला?"

आतून घुमणारा आवाज आला. "नको गं बाई. मागच्या पावसाचं पोटात आहे अजून. आणखी प्यायलो तर साल फाटेल माझी."

"मग काय देऊ?"

"सावली. मला नव्हे, माझ्या बाळांना. बी रुजतं, कोंब येतो आणि उन्हात करपून जातो. पूर्वी बाळं झुडपाखाली लपून वाढायची. आता झुडूपच राहत नाही."

ठकूने बोट मागे घेतलं. झुडपं कोण तोडतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. झुडूप राखायचं तर मोळी कशाची आणि भाकरी कुठली? तिला रडू आलं. पण मग तिने झग्याला नाक पुसलं.

"आईला मी समजावीन. परी, झुडूप दे. चांगलं दाट दे."

परीने नाकावरचे परागकण फुंकले. सळसळ करत इवल्या इवल्या पानांचं, सोनपिवळ्या फुलांचं झुडूप वर आलं.

ठकूला आता विचारायचा धीर आला होता. "आजोबा, मग आम्ही विकायचं काय?"

"माझे पडलेले भाऊ आहेत की. त्यांच्या आत सरळ सरळ लाकडं असतात, हलकी आणि टणक. तुम्ही आपले लांबून पाया पडता नि निघून जाता. लाकडं नेऊ का म्हणून एकानेही कधी विचारलं नाही."

खरंच होतं ते. कोसळलेल्या निवडुंगाला हात लावायचा नाही, अशी खांबमाळाची रीत होती.

"आता मी निघते," परी म्हणाली. तिचे पंख लखलखले, सगळा माळ सोनेरी झाला, आणि त्या उजेडातच परी मिसळून गेली.

ठकू धावत जाऊन आईला घेऊन आली. वाटेतच तिने सगळं सांगून टाकलं. आई कोयता घेऊनच झुडपापाशी बसली. सावलीत आत्ताच उगवून आलेला, अंगठ्याएवढा हिरवा निवडुंग उभा होता, मऊ मऊ काट्यांचा.

आईने कोयता पाठीमागे ठेवून दिला. "ह्याला फळं कधी यायची गं?"

ठकूने आजोबांच्या काट्यांमधे बोट टेकवून विचारलं. "मी आजी झाले की माझ्या नातवंडांना मिळतील, असं म्हणतात आजोबा."

आईने त्या इवल्याशा निवडुंगाभोवती चार दगड रचले.

"मग आपल्याला माळ सोडून कुठं जाता यायचं नाही," ती म्हणाली.