सरजूचा वस्तरा आणि पाटलांची दाढी

बोरखळी गावाबाहेर ओढ्याच्या काठी महादेवाचे देऊळ आहे. निरंजनबुवा महाराज फिरत फिरत तेथे आले आणि रमले. गावातला रावजी न्हावी त्यांचा भोळा भक्त. पहाटे देवळाचा ओटा झाडायचा, महाराजांच्या पायांवर डोके ठेवायचे आणि मगच धोकटी काखेत मारून गावात हजामतीला जायचे, हा त्याचा नेम.

सुगी तोंडावर आली असताना विपरीत घडले. गावचा वळू गल्लीत उधळला आणि त्याने रावजीला भिंतीवर आपटले. उजव्या कोपराचा चुरा झाला. हाड बसवणारा म्हणाला, "जीव वाचला हेच नशीब. हा हात आता वस्तरा धरायचा नाही."

घरात बायको गुणा, थोरली मुलगी सरजू आणि तिच्या पाठची दोन लहान लेकरे. वर्षभर गावाची हजामत करावी, तेव्हा खळ्यावर बलुत्याचे धान्य मिळायचे. काम थांबले, तर धान्य कोण देणार? गुणा दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली, पण तेवढ्याने चार तोंडांचे अन् एका आजारी माणसाचे कसे भागावे!

सरजू देवळात आली. "महाराज, आबांचा वस्तरा मी चालवला तर पाप लागंल का?"

"घरच्यांच्या पोटासाठी हात चालवायला पाप कसले?" महाराज म्हणाले. "पण येते का तुला?"

"मडक्याला चिखल फासते आन् वस्तऱ्यानं तासते. आबा बाजेवरून सांगत्यात. अजून एकबी मडकं फुटलं न्हाई."

महाराज खळखळून हसले. "मग आता या मडक्यावर हात बसव!" असे म्हणून त्यांनी डोके पुढे केले.

केवढी ही कृपा! सरजूने वस्तरा चालवला. महाराजांच्या कपाळाशी वस्तरा जरासा लागला. ती रडकुंडीला आली, तर महाराज म्हणाले, "बरे झाले, आज गंध लावायचे राहिलेच होते."

नेमके तेव्हाच दौलतराव पाटील दर्शनाला आले. पाटलांना आपल्या रुबाबाचा भारी अभिमान. समोरचा प्रकार पाहून ते कडाडले, "महाराज, तुम्ही साधू, तुम्हाला चालतं. पण पोरीच्या हाती गाल देईल तो गडी कसला? खळ्यावर हिला एक दाणा मिळणार नाही. माझी दाढी भुईला लागली तरी बेहत्तर!"

"बरे," महाराज शांतपणे म्हणाले. "महादेव ऐकतो आहे."

पाटलांच्या धाकाने कोणीही सरजूपुढे बसेना. घरातल्या कणगीचा तळ दिसू लागला. रावजी बाजेवर तोंड फिरवून पडून राही. सरजू मात्र रोज धोकटी घेऊन चावडीपुढे बसे आणि रिकाम्या हाताने परते.

आणि इकडे काय नवल! देवळातल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्याच दिवशी पाटील उठले, तो दाढी छातीवर. तालुक्याच्या न्हाव्याकडे गेले, तर त्याच्या वस्तऱ्याला दाते पडले. परत येईतो दाढी बेंबीपर्यंत! घराच्या दारात पाय ठेवला, तर त्यांचाच कुत्रा अंगावर धावला. आतून पाटलीणबाईंचा आवाज आला, "अगं, बैरागी आलाय वाटतं. पसाभर पीठ घाला गं त्याला!"

"अगं, मी आहे मी!"

"मी मी करणारे लई येत्यात," म्हणत बाईंनी पीठ घातलेसुद्धा.

पुढे लेकीला बघायला पाहुणे आले, त्यांनी पाटलांना सिद्धपुरुष समजून लोटांगण घातले आणि सोयरिकीची गोष्ट सोडून पाऊस कधी पडेल ते विचारू लागले. पाहुणे गेले अन् पाटील उठले, तो पाय दाढीत अडकून ओसरीवरून थेट अंगणात! आता मात्र धीर सुटला. दाढी खांद्यावर टाकून ते देवळाकडे पळाले.

"महाराज, सोडवा!"

"मी?" महाराज म्हणाले. "मला कुठे वस्तरा धरता येतो? ज्याला येतो त्याच्याकडे जावे."

पाटील चावडीपुढे आले. सारा गाव गोळा झाला. सरजू त्यांच्याकडे बघत राहिली. हाच तो माणूस, ज्याने तिच्या घरातली चूल विझवायला घेतली होती. गर्दीतून कोणी तरी ओरडले, "नको करूस गं सरजे! राहू दे तशीच!"

सरजूने वाटीत पाणी घेतले. "गिऱ्हाईक समोर बसल्यावर न्हाई म्हणायचं नसतं, असं आबा सांगत्यात. बसा पाटील. मान खाली घाला."

पाटील जमिनीवर बसले. ज्या केसांनी तालुक्याच्या वस्तऱ्याला दाते पाडले, ते सरजूच्या हाताखाली लोण्यासारखे उतरले. पुन्हा एक केस उगवला नाही. मागून येऊन उभे राहिलेले महाराज डोळे मिटून नामस्मरण करीत होते.

"झालं, पाटील," सरजू म्हणाली. "आता वर बघा."

पाटलांनी मान वर केली नाही. आधी महाराजांच्या आणि मग रावजीच्या त्या लेकीच्या पायांशी वाकून ते म्हणाले, "राहू दे पोरी. एवढ्या वर्षांत ही मान पहिल्यांदा खाली गेली आहे. जरा वेळ राहू दे."

महाराज हसून गर्दीकडे वळले. "पाटील सवडीने उठतील. पुढचा कोण? बसा!"

आणि बोरखळीचे गडी धक्काबुक्की करीत सरजूपुढे रांगेला लागले.