दोनशे टनांच्या आतली धूळ

“आणि यात मोठा म्हणजे केवढा रे?” चाँदशा बाबांनी विचारलं.

“दिवसाला दोनशे टनांवर खडी फोडतो, तो मोठा.”

भालचंद्र खरमाटेने एका दमात सांगितलं. सांगणारच. प्रदूषण खात्यात वीस वर्षं काढलेला अधिकारी तो. ‘प्रदूषणाचा मोठा स्रोत’ कुणाला म्हणायचं, ही व्याख्या त्याने स्वतः लिहिली होती. तिच्यातला स्वल्पविरामसुद्धा त्याच्या मर्जीशिवाय बसलेला नव्हता.

“दोनशेच्या आतला?”

“तो लहान. त्याला पाण्याचे फवारे नकोत, तपासणी नको.”

“लहानाला सोडलंस. का?”

“घण घालून खडी फोडणारी वडारांची घरं आहेत, बाबा. चार टोपल्यांसाठी कुणी त्यांच्यामागे लागू नये.”

“चांगलं केलंस,” बाबा मनापासून म्हणाले.

शाळकरी वयापासून भालचंद्र टेकडीखालच्या या दर्ग्यात येऊन बाबांपाशी बसत आला होता. बाबांनी आपल्याला कधी चांगलं म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट अजून पोटातच होती.

टेकडीवर खडी फोडणारा एक क्रशर होता. व्याख्या छापून आली आणि वर्षभरात त्याचे सहा झाले. मधे पत्र्याच्या भिंती, सहा फाटकं, सहा पाट्या. सगळेच लहान ठरल्यावर पाण्याचे फवारेही काढून टाकले. एक क्रशर मालकाच्या नावावर, एक बायकोच्या, दोन मुलांच्या, एक मेव्हण्याच्या. सहावा सासूच्या. ही माउली दोन वर्षं अंथरुणावरून उठली नव्हती, पण कागदोपत्री रोज एकशे नव्वद टन खडी फोडत होती.

भालचंद्रने हे सगळं सांगून टाकलं.

“सहाही एकशे नव्वद?”

“सहाही.”

“तुझा धडा नीट वाचलाय त्यानं.”

भालचंद्रने मान खाली घातली. “उद्या अहवालावर सही करायचीय. गावात मोठा स्रोत एकही नाही, असं लिहायचंय. सही झाली की पाच वर्षं कुणी टेकडीकडे फिरकणार नाही.”

“मग नको करूस.”

“पण खोटं काय आहे त्यात? नियमाप्रमाणे सहाही लहानच आहेत. माझाच नियम मी मोडू?”

बाबा उत्तर द्यायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. भालचंद्र उठून त्यांची पाठ चोळू लागला. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. फरशीवर, बाबांच्या दाढीत, पेल्यातल्या पाण्यावरसुद्धा पिठासारखी पांढरी धूळ बसलेली होती.

“हे कधीपासून, बाबा?”

“सासूबाई कामाला लागल्यापासून.”

भालचंद्रला हसू आलं नाही.

...

“पेन आहे?” थोड्या वेळाने बाबा म्हणाले.

“आहे.”

“मला एक दाखला लिहून दे.”

“कसला?”

“की ही धूळ सहा जणांची आहे. त्यातल्या एकाचीही मोठी नाही. खाली सही कर. शिक्का आणलायस ना?”

शिक्का बॅगेत होता. भालचंद्रने कागद गुडघ्यावर घेतला, वर तारीख घातली. पुढे पेन हलेना. बाबा थट्टा करतायत का, म्हणून त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं थट्टा नव्हती. रागही नव्हता.

“बाबा... हा दाखला तुम्ही दाखवणार कुणाला?”

“माझ्या छातीला,” बाबा म्हणाले. “अडाणी आहे रे ती. सगळी धूळ एकच धरते.”