‘देणे’ या क्रियापदाची वाट

“मग प्रत्यय कुठे लागतो?” त्र्यंबकशास्त्रींनी विचारलं.

मुकिंदबुवा मठाच्या पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

शास्त्रींना गप्प राहणं जमत नसे. उभा जन्म व्याकरण शिकवण्यात गेला होता. “मी देतो, तू देतोस, ती देते. धातू तोच, शेपूट तेवढं बदलतं. म्हणून कुणी दिलं ते कळतं. तुमच्या या हातांच्या भाषेत मला शेपूटच सापडत नाही. मग कळायचं कसं?”

“शेपूट न्हाईच तिला,” बुवा म्हणाले. “वाट हाय.”

बुवांचे आईवडील दोघंही बहिरे. बुवा तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलू लागले होते. ज्यांच्या घरात न ऐकणारं लेकरू जन्मलं, असे लोक लांबून त्यांच्याकडे शिकायला येत. बहुतेक जण त्या लेकराला कडेवर घेऊन येत. शास्त्री एकटेच आले होते, आणि फार उशिरा आले होते.

त्यांची अरुंधती जन्मापासून बहिरी. तिने हात हलवले की शास्त्री ते घट्ट धरून ठेवत. ओठांनी बोल, म्हणत. माणसासारखं बोल. ती ओठांनी कधी बोलली नाही. मोठी झाली, तिच्यासारख्याच एका मुलाशी लग्न करून इचलकरंजीला गेली, आणि पुन्हा माहेरी आली नाही.

गेल्या माघात शास्त्री स्वतः तिच्या दारात गेले. जाण्याआधी हातखुणांच्या एका छापील तक्त्यावरच्या चित्रांवरून दोन खुणा पाठ केल्या होत्या. एक ‘माफी’ची, दुसरी ‘देणे’ची. अरुंधतीने दार उघडलं. शास्त्रींनी दोन्ही खुणा करून दाखवल्या. ती बघत राहिली... आणि तिने दार लावून घेतलं.

“खुणा अगदी चित्राबरहुकूम होत्या,” शास्त्री म्हणाले. “माझं काही चुकलं नाही. तिलाच माफ करायचं नसेल.” मग ते खाली बघत म्हणाले, “बुवा, ती आठवली नाही असा दिवस जात नाही. समोर पान वाढलं की आठवते. तिच्या मुलाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“उठा. लेक कुठं हाय?”

“इचलकरंजीला.”

“ते गाव झालं. लेक कुठं हाय?”

“म्हणजे?”

“जे माणूस समोर न्हाई, त्याला आदी जागा द्याची,” बुवा म्हणाले आणि त्यांनी समोरच्या मोकळ्या हवेकडे हात केला. “हितं, न्हाईतर तितं. एकदा दिली की ती त्याची. मग त्याचं जे काय बोलायचं ते तिकडंच. जागाच न्हाई तर क्रियापद जाणार कुठं?”

शास्त्रींनी बोट उचललं. जरा घुटमळले. मग आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, हवेत एक जागा दाखवली.

“एवढीच हाय व्हय अजून?”

शास्त्रींचं बोट हळूहळू वर गेलं... खांद्यापाशी थांबलं... मग आणखी वर, डोळ्यांच्या उंचीला आलं. दारात उभी राहिलेली अरुंधती त्यांच्याएवढीच उंच होती.

“आता तिच्याकडं बघा.”

तिथे काहीच नव्हतं. पलीकडे मठाचा लिंब होता. शास्त्रींनी पाहिलं आणि लगेच मान फिरवली.

“बघवत नाही, बुवा.”

“बघा. बापानं न्हाई बघायचं तर कुणी?”

शास्त्री बघू लागले. बुवांनी त्यांना घाई केली नाही.

“दारात काय म्हणालात, ते म्हणा आता.”

शास्त्रींनी ‘माफी’ची खूण केली. मग बोटं जुळवून हात छातीपासून काढला आणि सरळ त्या जागेकडे नेऊ लागले. चित्रात बाण होता तसाच.

बुवांनी मधेच मनगट धरलं.

“हात निघाला कुठनं?”

“माझ्या छातीपासून.”

“निघाला कुणाकडं?”

“अरूकडे.”

“मग दिलं कुणी?”

शास्त्रींनी आपल्या हाताची वाट मनातल्या मनात शब्दांत मांडली.

मी तुला माफी देतो.

लेकीचे हात धरून ठेवणारा बाप इतक्या वर्षांनी तिच्या दारात गेला होता, आणि तिलाच माफ करून परत आला होता.

शास्त्री मटकन खाली बसले आणि रडले. अगदी हुंदके देऊन रडले. “मला हे म्हणायचं नव्हतं,” ते म्हणत राहिले. “देवाशपथ सांगतो, हे म्हणायचं नव्हतं.”

“तिला कसं कळावं?” बुवा म्हणाले. “तिनं वाट वाचली.”

बऱ्याच वेळाने शास्त्री उठले. उपरण्याने डोळे पुसले. पुन्हा त्या जागेकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही. ‘माफी’ची खूण केली. मग हात लांब करून पार तिच्यापाशी नेला आणि तिथे बोटं जुळवली. आता तिथून तो आपल्या छातीकडे आणायचा, एवढंच राहिलं होतं.

हात तिथेच थांबला.

“बुवा... हे तर तिनं द्यायचं. मी कसं ओढून आणू?”

बुवांनी होकारार्थी मान हलवली.

“मग माझ्यापासून निघेल असं काही आहे की नाही तुमच्या भाषेत? का माझ्या वाटणीला काहीच नाही?”

हात अवघडला होता, पण शास्त्रींनी तो खाली घेतला नाही.

बुवा पुढे झाले. त्यांनी शास्त्रींचा हात अलगद तिथून सोडवला आणि माघारी त्यांच्या हनुवटीपाशी आणला. बोटांना एक नवा आकार दिला. मग तो हात सावकाश तिच्याकडे वळवला.

“ही कुठली क्रिया?” शास्त्रींनी विचारलं. “ही मला येत नाही.”

“हे ‘विचारणं’,” बुवा म्हणाले. “हे कधी गेलंय का तिच्याकडं?”