कोरडे तांदूळ

खूप जुनी गोष्ट आहे. देव माणसांशी बोलायचे थांबले होते आणि माणसं एकमेकांचं ऐकायला अजून शिकायची होती, त्या काळातली.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात चोरी झाली की चौकशी करत नसत. ज्यांचा संशय येई त्यांना देवीसमोर बसवत आणि मूठभर कोरडे तांदूळ चावायला देत. खोटं बोलणाऱ्याचं तोंड सुकतं, म्हणून ज्याचे तांदूळ कोरडे बाहेर पडतील तो चोर. या न्यायाचा गावाला भारी अभिमान होता. देवीचा न्याय, तो कसा चुकेल?

त्या गावात तुळसाक्का नावाची कासारीण होती. तिचा हात इतका हलका, की बांगडी मनगटावर कधी चढली ते कळत नसे. सणाच्या सकाळी पहिला चुडा ती देवीला भरी, मग गावातल्या बायका हात पुढे करत. एका सणाला ती चुडा भरून बाहेर आली आणि देवीची नथ नाहीशी झाल्याचा गलका झाला.

तुळसाक्काला तांदूळ दिले. तिचा उपास होता, सगळं गाव डोळे वटारून बघत होतं, आणि पदराला धरून तिची लहानगी बकुळा रडत होती. तांदूळ कोरडेच पडले.

ती एवढंच म्हणाली, "काल उतरवलेल्या हारांबरोबर नथ गेली असेल. निर्माल्याचा खड्डा बघा."

पुजाऱ्याने कानांवर हात ठेवले. देवीच्या अंगावरचं निर्माल्य उकरायचं म्हणजे महापाप. गावाने घराघरातल्या कणग्या उपसल्या, पण खड्ड्याकडे कुणी फिरकलं नाही. पाटलांनी तुळसाक्काला वेशीबाहेर काढलं. पाटील काही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त खात्री होती, आणि खात्री झालेला माणूस दुसऱ्यांदा बघत नाही.

वेशीबाहेरच्या झोपडीत तुळसाक्का राहिली. बांगड्यांची पेटी होती, पण पुढे येणारा हात नव्हता. बकुळा गावात मामाकडे वाढली. दर पाडव्याला पंचायत बसे, तेव्हा ती उठून म्हणे, "खड्डा उकरा." आधी लोक हसले, मग रागावले, मग त्यांना सवय झाली. तिच्या लग्नात दुसऱ्या गावची कासारीण बोलावली, तर बकुळाने हात मागे घेतला. चुडा भरेन तर आईच्या हातानेच, म्हणाली, आणि मनगटाला हळदीचा दोरा बांधून बोहल्यावर उभी राहिली. पोरगी हट्टी खरी, पण असल्या हट्टावरच जग चाललंय.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका पाडव्याला बकुळाने खड्ड्याचं नाव काढलं नाही. तिने तांदळाची मूठ पाटलांपुढे धरली.

"पाटीलबाबा, तुम्ही काही चोरलेलं नाही. चावून दाखवा."

पाटील हसले आणि तांदूळ तोंडात टाकले. पण सगळ्या गावाचे डोळे त्यांच्यावर खिळले, तसं त्यांचं हसू आटलं. तांदूळ बाहेर पडले ते पिठासारखे कोरडे. याआधी वेशीबाहेर घातलेली माणसं एकेकाला आठवू लागली. त्यातली काही आता जिवंतही नव्हती.

पाटलांनी स्वतः कुदळ घेतली. निर्माल्याची काळी माती झाली होती. तिच्यात नथ सापडली. मोती मळले होते, सोनं होतं तसंच होतं.

सारं गाव झोपडीशी गेलं. पाटलांनी डोक्याचं पागोटं काढून खाली ठेवलं. "तुळसाक्का, चूक माझी. गावात चल."

तुळसाक्काने त्यांच्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते तिचे. "येईन," ती म्हणाली, "पण गेलेली वर्षं कुठल्या खड्ड्यात शोधायची, तेवढं सांगा."

पाटलांनी खाली वाकून तिची बांगड्यांची पेटी उचलली आणि देवळापुढे आणून ठेवली.

मग पेटी उघडली गेली. बायकांनी बकुळाला पुढे ढकललं, पण ती म्हणाली, "माझा हात आईचाच आहे. आधी गावाचा हात पुढे येऊ दे." तेव्हा पाटलीणबाई खाली बसल्या आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

तुळसाक्काच्या हातांची सवय मोडली होती. पहिलीच बांगडी फुटली, काच रुतली, रक्ताचा थेंब आला. तुळसाक्काचा चेहरा उतरला. पाटलीणबाईंनी हात मागे घेतला नाही.

"फुटली नाही, वाढली," त्या म्हणाल्या. "दुसरी भर."

दुसरी नीट चढली. त्यानंतर बकुळाने इतकी वर्षं मनगटावर जपलेला हळदीचा दोरा सोडला आणि हात आईच्या मांडीवर ठेवला. तेव्हा कुठे तुळसाक्का रडली.

त्या दिवसापासून गावाने तांदूळ चावायला देणं बंद केलं आणि ते शिजवून खायला सुरुवात केली. चोरी झालीच, तर आधी सगळे खड्डे बघतात.

तात्पर्य : न्याय चुकू शकतो, पण मी चुकतच नाही असं मानणारा न्याय चुकला, की निरपराध्याचं आयुष्य त्यात खर्ची पडतं.