उंचीचा दोरा

एका राज्यात राजा वज्रवर्मा राज्य करी. त्याच्या गादीचे सातवे वर्ष, शिशिर ऋतू, माघ शुद्ध पंचमी. त्या दिवशी राजाने राणीच्या पेटीतून चोरी केली.

त्या राज्यात रीत अशी, की लग्नाच्या दिवशी आई मुलीच्या उंचीचा दोरा मापून तिच्याच हाती देई. नवऱ्याने त्या दोऱ्याला हात लावायचा नाही. त्याला गाठ पडू द्यायची नाही. राणी केतकी वर्षातून एकदा माहेरी जाई. राजाला तेवढेही सोसेना. त्याने दोरा उचलून जादूगार धूम्रकापुढे टाकला.

"ती माझीच राहिली पाहिजे."

धूम्रकाने तीन गाठी मारल्या. पहिलीने राणीची वाचा राजापुरती उरली. दुसरीने तिचे पाय महालात अडकले. तिसरीने तिचे मन राजाच्या मनाला जखडले. राजा हसला की ती हसे. राजाला भूक लागली की ती जेवे. राजा खूश होता.

नव्वदाव्या दिवशी निरोप आला. राणीचे वडील वारले. राजाला सासऱ्याचे दुःख नव्हते. राणी शांतपणे विडा लावीत होती.

"केतकी, तुझे बाबा गेले."

"हो. विडा घ्या."

राजाच्या अंगावर काटा आला. तो थरथरू लागला. राणीही थरथरू लागली. कशाने, ते तिला ठाऊक नव्हते.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली होती. ती बोलली, "काय राजा, बायको केलीस की आरसा आणलास?"

"सोडव तिला!"

"गाठी तुझ्या, सोडव तू. भरदरबारात चोरी कबूल कर. दारे आपल्या हाताने उघड. ती निघाली की एकही प्रश्न विचारू नकोस. आणि तिचे नव्वद दिवस तू खाल्लेस. तितके दिवस तिच्या दालनात कोंडून घे."

राजाने दोरा हाती धरून भरदरबारात कबुली दिली. प्रधानाने तोंड फिरवले. पहिली गाठ सुटली.

राजाने पहारे हटवले, अडसर स्वतः ओढला. दुसरी सुटली. राणीने उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले.

'परत कधी येशील?' राजाच्या ओठांवर आले. त्याने ते गिळले. तिसरी सुटली.

राणीने बापासाठी हंबरडा फोडला. राजाचे डोळे कोरडेच होते.

मग तिने डोळे पुसले. "माझा दोरा द्या."

राजाने दिला. ती माहेरच्या वाटेने गेली.

राजा दालनात बसला. ताट दाराशी येई. कोणी बोलत नसे. नव्वदावा दिवस मावळला. ऋण फिटले.